कंपनीतून आलेली फोर-बाय-फोर गाडी खानापूरच्या चिखलासाठी आणि सौंदत्तीच्या काळ्या मातीसाठी कशी तयार करावी

कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा सौंदत्तीजवळच्या नवीलतीर्थ धरणापर्यंत पोहोचते, तेवढ्या टापूत जमिनीचा स्वभाव पूर्ण बदलतो. पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, हेम्मडगा या भागात जांभ्या दगडावर तांबड्या मातीचा थर आहे आणि पावसाळाभर तो ओलाच राहतो. पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्ती आणि गोकाककडे काळी, खोल जमीन आहे. बेळगावात राहणारा माणूस या दोन्ही बाजूंना तास-दीड तासात जाऊ शकतो, म्हणून इथल्या गाडीची तयारी दुसऱ्या कुठल्या प्रदेशातील यादी पाहून करता येत नाही. नवी गाडी घेतलेले बहुतेक जण जाड बंपर, उंच स्प्रिंग आणि छतावरचे दिवे यांच्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते क्रम याच्या उलट असावा. अडकलेली गाडी सुरक्षितपणे बाहेर काढण्याची सोय आधी करावी, मग टायर पाहावेत, त्यानंतर गाडीच्या पोटाचे आणि पाण्यापासूनचे संरक्षण करावे. उंची, लॉकर (धुरीची दोन्ही चाके एकत्र फिरवणारी सोय) आणि विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र) यांचा विचार त्या पुढचा आहे.

आहे ती गाडी आधी समजून घ्यावी

महिंद्रा थारच्या २०२० पासूनच्या पिढीला २२६ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचे पोट आणि जमीन यांतील अंतर) आहे आणि ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून ती जाऊ शकते, असे कंपनी सांगते. मारुती सुझुकी जिम्नीचा क्लिअरन्स २१० मिलिमीटर आहे, पण तिचे वजन बरेच कमी असल्याने मऊ जमिनीवर ती जड गाडीपेक्षा उशिरा रुतते. फोर्स गुरखाला पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शियलचे (वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी धुरीतली दात्यांची रचना) लॉक आणि स्नॉर्केल (इंजिनासाठी उंचावरून हवा घेणारी नळी) कंपनीतूनच मिळतात. आपल्या भागात अजूनही पुष्कळ दिसणाऱ्या जिप्सीला चारही चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंगऐवजी पोलादी पाटे आहेत. ती साधी, हलकी आणि कोणत्याही चांगल्या मिस्त्रीला उमगणारी गाडी आहे. या चौघींना एकच यादी लावणे म्हणजे पैसा वाया घालवणे होय.

खर्च करण्यापूर्वी गाडी आहे तशीच, जाणकार साथीदाराबरोबर, निदान एक पावसाळा चालवावी. लो रेंजचा (कमी वेगात चाकांना जास्त जोर देणाऱ्या गिअरचा) लिव्हर कित्येक गाड्यांत वर्षानुवर्षे हलवलेलाच नसतो आणि नेमक्या वेळी तो अडकून बसतो, म्हणून महिन्यातून एकदा तो कच्च्या रस्त्यावर टाकून पाहावा. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र फोर-व्हील ड्राइव्ह लावून वळणे घेऊ नये. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या धुरीला जोडणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये फरक सामावणारी सोय नसते. वळताना पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, तो ताण सगळा दात्यांवर आणि प्रॉपेलर शाफ्टवर (धुरीकडे ताकद नेणाऱ्या दांड्यावर) येतो. चिखलात चाक थोडे घसरून हा ताण निघून जातो, डांबरावर निघत नाही.

कायद्याची बाजूही आताच पाहावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही तरतूद ठामपणे उचलून धरली. समोर लावल्या जाणाऱ्या बुलबार आणि क्रॅशगार्डवर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये कारवाईचे निर्देश दिले. त्यामुळे केए-२२ पाटीच्या, म्हणजे बेळगावात नोंदलेल्या गाडीवर मोठा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. सहज काढता-घालता येणाऱ्या वस्तूंवर भर दिला तर अडचण कमी येते. गाडी कितीही सक्षम झाली तरी २०११ मध्ये घोषित झालेल्या भीमगड अभयारण्यात आणि राखीव जंगलात ती परवानगीशिवाय नेता येत नाही. चोर्ल्याच्या परिसरातील कातळसड्यांवर पावसाळ्यात उगवणारी नाजूक झाडोरा-फुले एका चाकाखाली कायमची जातात. तिथे गाडी घालूच नये. सरावासाठी खासगी जमीन मालकाला विचारून घ्यावी, आणि पाणंदीतून जाताना शेतकऱ्याचा बांध मोडू नये.

गाडी ओढून काढण्याची सोय

पहिला खर्च पुढच्या आणि मागच्या मजबूत हुकवर व्हावा. बंपरमधील झाकण काढून पेचाने बसवायची जी कडी गाडीबरोबर मिळते ती बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर हळू ओढण्यासाठी असते. चिखलात पोटापर्यंत बसलेली गाडी हिसक्याने काढण्यासाठी ती नसते. चिखल गाडीला धरून ठेवतो, त्यामुळे दोरावर येणारा ताण गाडीच्या वजनापेक्षाही जास्त होऊ शकतो. हुक चासीच्या लोखंडाला किमान दोन मोठ्या बोल्टांनी धरलेला असावा आणि बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ हा दर्जा कोरलेला असावा. कोरे, बिनखुणेचे बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात स्वस्त मिळतात. ते इथे वापरू नयेत. ट्रेलर ओढण्याच्या गोळ्याला दोर कधीही अडकवू नये. तो गोळा तुटला तर गोळीसारखा सुटतो आणि अशा अपघातांत माणसे दगावली आहेत.

दोराची ताकद भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दोन ते तीन पट असावी. जिम्नीचे भरलेले कमाल वजन १,५४५ किलो आहे, म्हणजे तिच्यासाठी साधारण साडेतीन ते साडेचार टनांवर तुटणारा दोर योग्य ठरतो. थारसाठी तो त्याहून जाड लागेल. हिसक्याने काढायचे असेल तर ताणला जाणारा कायनेटिक दोरच घ्यावा. ट्रकवाल्यांकडचा साखळदंड किंवा ऊस बांधायचा दोर यासाठी चालत नाही, कारण तो ताणत नाही आणि सगळा धक्का एका क्षणात हुकवर येतो. कमानीच्या आकाराची १९ मिलिमीटरची शॅकल (दोर आणि हुक जोडणारी, पिनने बंद होणारी कडी) घेताना तिच्यावर ४.७५ टन हा आकडा ओतीव अक्षरांत आहे का ते पाहावे. पिन पूर्ण आवळून मग पाव फेरा सैल करावी, म्हणजे ताणानंतर ती जाम होत नाही. दोराच्या मध्यावर ओले पोते किंवा जाड घोंगडे टाकावे आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर उभे करावे. गावात गाडी अडकली की मदतीला पाच-पंचवीस माणसे जमतात आणि ती दोराच्या अगदी जवळ उभी राहतात. त्यांना आधी लांब पाठवणे हे गाडीच्या मालकाचे काम आहे.

याबरोबर एक फावडे, जॅकखाली ठेवायची जाड फळी आणि दोन ट्रॅक्शन बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या दातेरी पट्ट्या) एवढे घेतले की इथल्या बहुतेक प्रसंगांतून सुटका होते.

टायर आणि हवा

एकाच गोष्टीवर भरपूर खर्च करता येत असेल तर तो टायरवर करावा. कंपनीच्या टायरची नक्षी बहुधा रस्त्यासाठी असते आणि ओल्या तांबड्या मातीत ती दोन फेऱ्यांतच भरून गुळगुळीत होते. आठवडाभर रस्ता आणि एखाद्या रविवारी कच्चा मार्ग असा वापर असेल तर ऑल-टेरेन टायर पुरेसा आहे. पावसाळ्यात नियमितपणे खोल चिखलात जाणाऱ्यांनीच मड-टेरेन घ्यावा. ओल्या डांबरावर त्याची पकड कमी असते, आणि पावसात चोर्ला घाट उतरताना ही उणीव चांगलीच जाणवते. बाजूची भिंत जाड असलेला टायर निवडावा. चिरेखाणींच्या वाटांवर जांभ्याचे कापलेले, धारदार तुकडे पडलेले असतात, आणि ते नक्षीऐवजी भिंत चिरतात. अशी चीर पंक्चरवाल्याकडे दुरुस्त होत नाही.

रुंदी जमिनीप्रमाणे ठरवावी, आणि इथे आपल्या जिल्ह्याचे दोन भाग परस्परविरुद्ध सल्ला देतात. खानापूरकडे वरचा चिखल निसरडा, पण बित्ताभर खाली कातळ किंवा मुरूम टणक असतो. अरुंद टायर चिखल कापून त्या टणक थरापर्यंत पोहोचतो, त्यामुळे जिप्सी आणि जिम्नीचे सडपातळ टायर इथे चांगले काम करतात. काळ्या मातीला असा तळ लवकर लागत नाही. ती पाणी पिऊन फुगते, चाकाला कणकेसारखी चिकटते आणि चाक व मडगार्ड यांच्यात दाटून बसते. तिथे थोडा रुंद टायर आणि चाकाभोवती मोकळी जागा हवी. खरे सांगायचे तर मोठ्या पावसानंतर काळ्या शिवारात कोणत्याही टायरने जाऊ नये. वरचा पापुद्रा वाळून त्याला बारीक भेगा पडेपर्यंत दोन-तीन दिवस थांबावे.

मोठा टायर बसवण्यापूर्वी गणित करून पाहावे. जिम्नीच्या १९५/८० आर १५ टायरचा व्यास ६९३ मिलिमीटर आहे. त्याजागी २१५/७५ आर १५ घेतला तर व्यास सुमारे ७०३ होतो, म्हणजे गाडी केवळ ५ मिलिमीटर उचलली जाते. २३५/७५ आर १५ घेतला तर व्यास ७३३ च्या पुढे जातो, गाडी २० मिलिमीटर वर येते, पण स्पीडोमीटर ६० दाखवत असताना खरा वेग साडेत्रेसष्टच्या आसपास असतो, ब्रेक लागायला जास्त अंतर लागते आणि चढणीवर इंजिनाचा जोर कमी पडतो. मोठ्या टायरच्या हौसेपायी घाटात पहिल्या गिअरवर गाडी ओढण्याची वेळ येऊ नये. त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनी जे माप देते तेवढ्यापर्यंत जाणे सर्वांत सुरक्षित आहे, आणि स्टेपनीही त्याच मापाची असली पाहिजे.

आता हवेविषयी. यासाठी खर्च जवळजवळ काहीच नाही आणि फायदा मात्र इतर कोणत्याही बदलापेक्षा मोठा आहे. रस्त्यावर ३० ते ३५ पाऊंड हवा असलेला टायर कच्च्या वाटेवर १८ ते २२ पाऊंडांवर आणला की जमिनीला टेकणारा त्याचा भाग लांबतो, तो दगडाभोवती वाकतो, पकड वाढते आणि गाडीतल्या माणसांची हाडेही वाचतात. जिम्नी-जिप्सीसारख्या हलक्या गाडीत १६ पर्यंत उतरता येते. १५ च्या खाली जाऊ नये, कारण वळताना टायर रिमवरून सुटण्याचा धोका असतो. हवा कमी असताना ताशी ३०-४० किलोमीटरपेक्षा जास्त वेग ठेवू नये आणि डांबरावर येताच हवा पुन्हा भरावी. म्हणून हवेचे विश्वासू मापक आणि थेट बॅटरीच्या टोकांना जोडायचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर हे दोन्ही विकत घ्यावे. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे छोटे यंत्र चार मोठी चाके भरताना तापून बंद पडते.

पोट, उंबरा आणि उद्यमबाग

इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि इंधनाची टाकी यांच्याखाली संरक्षक पत्रा असावा. ४ ते ५ मिलिमीटरचा पोलादी पत्रा आपल्या दगडांना पुरतो. ॲल्युमिनियम हलका असतो, पण खरबरीत जांभ्यावर तो घासत अडतो, पोलाद मात्र घसरून पुढे जाते. तेल काढण्याच्या बुचासमोर आणि पाणी निथळण्यासाठी भोके ठेवावीत, नाहीतर पत्र्यावर साचलेली तांबडी माती उन्हाळ्यापर्यंत ओल धरून चासी गंजवते. दाराखालच्या उंबऱ्याला संरक्षण देणारे स्लायडर चासीलाच जोडलेले असावेत. पाय ठेवायच्या शोभेच्या पायऱ्या दगडावर टेकल्या की दारच दबते.

बेळगावकरांना एक मोठी अनुकूलता आहे. उद्यमबागेत आणि मच्छे औद्योगिक वसाहतीत लेथ, प्रेस, वेल्डिंग आणि ओतकामाचे उत्तम कारागीर आहेत. गाडी लिफ्टवर घेऊन पुठ्ठ्याचा नमुना कापून दिला की पत्रा, स्लायडर, दुसऱ्या बॅटरीचा ट्रे किंवा जॅकचा ब्रॅकेट ते नेमका करून देतात. पण मर्यादाही पाळावी. स्टिअरिंगचे दांडे, सस्पेंशनचे हात, ओढण्याचे हुक आणि शॅकल हे भाग स्थानिक वेल्डिंगवर सोपवू नयेत. त्यांत पोलादाची जात आणि उष्णतेची प्रक्रिया महत्त्वाची असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. चासीला भोक पाडणे किंवा वेल्ड मारणे टाळून तिच्यावर आधीच असलेल्या भोकांत बोल्ट घालावेत. वेल्ड करणे भागच असेल तर बॅटरीची दोन्ही टोके आधी सोडवावीत, नाहीतर इंजिनाचा संगणक जळू शकतो.

उंची वाढवताना

स्प्रिंग उंच केल्याने गाडीचे अंग वर जाते, पण धुरीच्या मध्यावर लोंबणारा डिफरन्शियलचा गोळा आहे तिथेच राहतो. तो उचलायला फक्त टायरच मोठा लागतो. म्हणून चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर अडकणाऱ्या गाडीला नुसती उंच स्प्रिंग फारशी मदत करत नाही. चढ-उताराचे कोन आणि चाकाचा वरखाली होण्याचा पल्ला यांसाठी ४० ते ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंचांपर्यंतची वाढ उपयोगी आहे. त्यापुढे गेल्यास जिम्नीसारख्या सलग धुरीच्या गाडीचा कॅस्टर कोन (पुढच्या चाकांना सरळ ठेवणारा स्टिअरिंगचा मागे झुकलेला कोन) बिघडतो, सरळ रस्त्यावर गाडी भरकटते आणि स्टिअरिंग थरथरते. यासाठी दुरुस्तीचे बुश आणि लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड (धुरीला बाजूला सरकू न देणारा दांडा) बरोबरच घ्यावा लागतो. थारचे पुढचे सस्पेंशन स्वतंत्र आहे. तिथे उंची वाढली की ॲक्सलच्या सांध्यांचा कोन तीव्र होतो, रबरी बूट फाटतात आणि त्यात माती जाते. जिप्सीला जादा पाटे घातले तर ती उंच होते, पण ताठही होते आणि ओबडधोबड जागी तिचे चाक हवेत राहते. जुन्या पाट्यांना पुन्हा बाक देऊन घेणे बहुधा अधिक चांगले.

स्प्रिंगबरोबर योग्य लांबीचा शॉकअप, लांब ब्रेक पाइप आणि बंप स्टॉप (चाक फार वर आपटू न देणारा रबरी ठोकळा) हे एकत्रच बदलावेत. चाक पूर्ण खाली लोंबत असताना ब्रेकचा पाइप ताणत नाही ना, हे लिफ्टवर स्वतः वाकून पाहावे. छतावर कॅरिअर, त्यावर पाण्याचे कॅन आणि दुसरी स्टेपनी असे वजन चढवत गेले तर उंच केलेली गाडी आडव्या उतारावर कलंडते, म्हणून जड सामान खाली आणि धुरींच्या मध्येच बांधावे.

ओढे आणि पाणी

स्नॉर्केल लावला की गाडी पाण्यात कुठेही जाते, हा समज घातक आहे. स्नॉर्केल फक्त इंजिनाच्या श्वासाची काळजी घेतो. डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांनाही बाहेरची हवा घेणारी छोटी नळी असते. बराच वेळ चालून तापलेली धुरी ओढ्याच्या गार पाण्यात शिरली की आतली हवा आकुंचन पावते आणि या नळीतून किंवा सीलमधून पाणी आत खेचले जाते. त्या नळ्यांना तेल सहन करणारी रबरी ट्यूब जोडून ती बॉनेटखाली बॅटरीच्या उंचीपर्यंत नेऊन बांधावी. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे, त्याला फार पैसे लागत नाहीत, आणि मी ते स्नॉर्केलच्या आधी करायला सांगेन.

ओढ्यात गाडी घालण्यापूर्वी पायी उतरून काठीने खोली पाहावी. जून ते सप्टेंबर या काळात खानापूरच्या पश्चिमेला पडणारा पाऊस घटकाभरात ओढा चढवतो, म्हणून पाणी गढूळ होत असेल किंवा पालापाचोळा वाहू लागला असेल तर परत फिरावे. पाण्यात लो रेंजचा पहिला-दुसरा गिअर ठेवून चालण्याच्या वेगाने, न थांबता जावे. पाण्यात इंजिन बंद पडले तर स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी गेलेले असल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढावी आणि एअर फिल्टर ओला आहे का ते आधी पाहावे.

लॉकर आणि विंच

साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत गेले की सगळी ताकद त्याच चाकात वाया जाते. लॉकर दोन्ही चाके एकत्र फिरवतो. ज्या गाडीत तो नाही तिला मागच्या धुरीवर एक बसवणे पुष्कळ झाले. निसरड्या आडव्या उतारावर मात्र लॉक काढून ठेवावा, कारण दोन्ही चाके एकदम सुटली की गाडीचा मागचा भाग खाली घसरतो.

विंचची क्षमता भरलेल्या गाडीच्या दीडपट असावी. जिम्नीला त्यामुळे सव्वादोन टनांच्या वरची लागते. विंचवर लिहिलेली क्षमता ड्रमवरील पहिल्या थरासाठी असते आणि जितके थर उरतील तितकी ओढ कमी होते, म्हणून शक्य तेवढा दोर सोडून मगच ओढावे. पुली लावली की ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा. कृत्रिम धाग्याचा दोर तारेपेक्षा हलका असतो आणि तुटला तर कमी उसळतो, पण त्यात अडकलेली तांबडी रेती त्याला आतून कापते. घरी आल्यावर तो बादलीत भिजवून धुवावा आणि सावलीत वाळवावा. झाडाला बांधताना रुंद पट्टाच वापरावा. काजूच्या झाडाची साल तारेने सोलली गेली तर त्या शेतकऱ्याचे उत्पन्न जाते.

परतल्यावर

चाकांच्या आतल्या बाजूची माती त्याच दिवशी पाण्याच्या झोताने काढावी. रिममध्ये वाळलेला काळ्या मातीचा गोळा चाकाचा तोल बिघडवतो आणि ताशी ७० च्या पुढे गाडी हादरते. प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यांना ग्रीस भरावे आणि ब्रेक ड्रम उघडून रेती झाडावी. खोल पाण्यातून आलेली गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवावी आणि सकाळी, ती सुरू न करता, डिफरन्शियलचे खालचे बूच अगदी थोडे सैल करावे. पाणी तेलापेक्षा जड असल्याने आत शिरले असेल तर आधी त्याचे थेंब येतात. तेल पिवळट-दुधाळ, ताकासारखे दिसले तर ते पूर्ण काढून नवे भरावे, शंभरेक किलोमीटर चालवावे आणि पुन्हा एकदा बदलावे. स्लायडर, पत्रा आणि हुक यांचे बोल्ट पहिल्या दौऱ्यानंतर टॉर्क पान्याने पुन्हा आवळावेत, आणि प्रत्येक बोल्टवर रंगाची एक रेघ ओढून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी सैल झालेला बोल्ट गाडीखाली वाकताच दिसतो.